चुण्यांशिवायचा घेर: गोल स्कर्ट घरी शिवताना

परकराचा घेर कमरेशी घातलेल्या चुण्यांमुळे येतो, तर गोल स्कर्टचा घेर कापणीतूनच येतो. त्यामुळे कमरेवर कापड जराही फुगत नाही आणि खालची कड मात्र लहरत राहते. फॅशन डिझायनर दिओर यांनी पॅरिसमध्ये बारीक कंबर आणि भरघोस घेर पुन्हा प्रचारात आणला त्याच वर्षी, 1947च्या डिसेंबरात, अमेरिकेतील जूली लिन शार्लो यांनी नाताळच्या मेजवानीसाठी फेल्टचा (तंतू दाबून केलेल्या जाड कापडाचा) असा स्कर्ट तयार केला. त्यांना शिवणकाम येत नव्हते, म्हणून फेल्ट. ते विणलेले नसल्याने त्याचे धागे सुटत नाहीत आणि कड दुमडावी लागत नाही. आपल्या सुती कापडाला ही सवलत नाही.

44 इंच पन्ह्याचे पॉपलिन साडेतीन मीटर घ्यावे आणि कापण्यापूर्वी धुऊन इस्त्री करावे. कंबर 28 इंच असेल, तर तिला 6.28 ने भागल्यावर सुमारे साडेचार इंच त्रिज्या मिळते. 26 इंच उंचीसाठी बाहेरची त्रिज्या साडेतीस इंच, आणि दुमडीचा अर्धा इंच धरून 31 इंच होते.

एवढे वर्तुळ एका पन्ह्यात बसत नाही, म्हणून दोन अर्धवर्तुळे कापावीत. प्रत्येकासाठी 62 इंच लांबीचा तुकडा मध्यावर आडवा दुमडावा आणि घडी व किनार जिथे मिळतात, तिथून घडीवरच पाऊण इंच आत टेपचे टोक टाचणीने रोवावे. हा पाऊण इंच बाजूच्या शिलाईसाठी आहे. तिथून खडूने चार इंचांवर कमरेची आणि 31 इंचांवर खालची गोलाई आखून दोन्ही रेषा किनारीपर्यंत सरळ न्याव्यात. कमरेची गोलाई साडेचारऐवजी चारवर घ्यायची, कारण अर्धा इंच शिलाईत जातो. हा अर्धा इंच वजा करण्याऐवजी मिळवण्याची चूक मी एकदा केली. कंबर सहा इंचांहून अधिक सैल झाली, शेवटी नेफा करून इलॅस्टिक घालावे लागले आणि चुण्या टाळण्यासाठी घातलेला सगळा घाट चुण्यांतच संपला. पन्ह्यातून उरलेल्या 12 इंच रुंद कापडात कमरेची पट्टी सहज निघते.

कमरेची गोलाई हाताळताना ताणली जाते, म्हणून इतर काही करण्याआधी तिच्या कडेपासून पाव इंचावर मशीनची एक टीप मारावी. मग दोन्ही बाजू जोडाव्यात, डावीकडे सात इंचांची चेन बसवावी आणि बकरम (ताठपणा देणारे अस्तर) लावलेली कमरेची पट्टी जोडावी.

कड मात्र त्याच दिवशी दुमडू नये. उभे आणि आडवे धागे फारसे ताणत नाहीत, पण गोल कापणीत काही भाग तिरका लोंबतो आणि स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. म्हणून स्कर्ट चिमट्यांनी हँगरला अडकवून निदान एक दिवस टांगून ठेवावा. नंतर तो घालून ताठ उभे राहावे आणि दुसऱ्या कुणाकडून तरी, फूटपट्टी जमिनीवर उभी धरून, सभोवार सारख्या उंचीवर खुणा करून घ्याव्यात. स्वतः वाकून खुणा केल्या की मागची बाजू वर उचलली जाते. खुणेखाली अर्धा इंच राखून बाकीचे कापड छाटावे आणि पाव पाव इंचाच्या दोनच दुमडी घालाव्यात, कारण गोल कडेची लांबी आतल्या रेषेपेक्षा जास्त असते आणि रुंद दुमड हमखास चुरगळते. कडेपासून पाव इंचावर आधी एक टीप मारली, की पहिली दुमड त्या टिपेवर आपोआप वळते. ही कड सुमारे 16 फूट भरते, तेव्हा बॉबिन भरलेली असल्याची खात्री करूनच मशीनवर बसावे.