लाल दिवा विझायचा आणि परत पेटायचा

माझ्या जुन्या गाडीत बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर नाही, जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे. बॅटरी सारखी उतरायची. गंमत म्हणजे इंजिन चालू केलं की चार्जिंगचा लाल दिवा विझायचा, पण रेस वाढवली की पुन्हा पेटायचा! मी सरळ डायनॅमोलाच दोषी ठरवून मोकळा झालो. बरं झालं, खोलण्याआधी तपासलं.

डायनॅमोच्या डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड कॉइल) टर्मिनलच्या दोन्ही वायर काढल्या, ती दोन टर्मिनल तारेने जोडली आणि मीटर डी व बॉडीमध्ये लावला. रेस हळूहळू वाढवली. काटा सरसर 20 व्होल्टपर्यंत गेला. तिथेच थांबायचं, जास्त रेस दिली तर वाइंडिंग जळतं. म्हणजे डायनॅमो ठणठणीत.

मग रेग्युलेटर, म्हणजे डायनॅमोचा व्होल्टेज आवरणारा डबा. त्याच्या अर्थच्या (बॉडीला जोडणाऱ्या) वायरखाली गंज आणि वर रंगाचा थर! अर्थ नाही म्हणून त्यातल्या कटआउटचे, म्हणजे डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे, पॉइंट जुळत नव्हते. डायनॅमोचा व्होल्टेज मोकाट वाढायचा, बॅटरीपर्यंत काहीच पोचायचं नाही. दिवा बॅटरी आणि डायनॅमोच्या मध्ये जोडलेला असतो; रेस वाढवल्यावर तो पेटत होता तो बॅटरीमुळे नव्हे, डायनॅमोच्या उलट्या करंटमुळे.

पॉलिश पेपरने घासून स्क्रू घट्ट केला. आता रेस दिल्यावर बॅटरीवर 14.2 व्होल्ट. खर्च शून्य.