दुबईला आईच्या गोळ्या नेताना काय केलं

आईला भावाकडं दुबईला न्यायचं होतं, म्हणून बॅग भरायच्या आधी तिच्या मणक्याच्या गोळ्या चेक केल्या. स्ट्रिपवर कंपनीनं दिलेलं नाव मोठ्ठं असतंय, ते सोडा, खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ म्हणजे जेनेरिक नाव असतंय ते वाचायचं, आईच्या गोळ्यांत निघालं प्रीगॅबलिन आणि ट्रामाडोल, दोन्ही यूएईत कंट्रोल्ड, आधी परवानगी लागते. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी ट्रामाडोल बदलून पॅरासिटामॉल दिली, प्रीगॅबलिनसाठी जेनेरिक नावासकट लेटरहेडवर चिठ्ठी घेतली आणि तिथल्या सरकारी साइटवर ऑनलाइन अर्ज टाकला. परमिट आलं, प्रिंट हँडबॅगेत ठेवली. गोळ्या स्ट्रिपमध्येच न्या, डबीत काढून भरू नका. जपानला जाणाऱ्यांनी तर सर्दीची गोळीपण बघा, तिच्यात स्यूडोएफेड्रीन हे नाक मोकळं करणारं औषध १० टक्क्यांच्या वर असलं तर तिथं चालतच नाही.