टांझानियात एखाद्या मुलीचं शिक्षण उचलायचं ठरवलंत तर

किलोंबेरो खोऱ्यात ऊस आहे, म्हणून साखर कारखाना आहे आणि कारखान्यापायी आम्ही सांगलीकर इथे. जानेवारी उजाडला की इथल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास येतो. स्वयंपाकाच्या बाई, बागेतले काका, नाहीतर दारावर टोमॅटो विकणारी मावशी विचारते, "पोरगी फॉर्म वनला लागली, काही मदत होईल का?" फॉर्म वन म्हणजे सातवीनंतरची, माध्यमिक शाळेची पहिली इयत्ता. हो म्हणायचं असेल तर पुढचं वाचा. हातावर काही शिलिंग टेकवून मोकळं व्हायचं असेल तर तेही वाईट नाही, पण मग हे वाचायची गरज नाही.

फी किती, असं विचारू नका. सरकारी शाळेत २०१६ पासून फॉर्म फोरपर्यंत फी नाही आणि २०२२ पासून फाइव्ह-सिक्सलाही नाही. घोडं अडतं ते बाकीच्या खर्चावर: गणवेश, काळे बूट, स्वेटर, जाड पुठ्ठ्याची काउंटर बुकं, जेवणाची वर्गणी, वसतिगृह असेल तर गादी आणि बादलीसुद्धा. शाळा ही यादी कागदावर देते. तो कागद मुलीला आणायला सांगा, तिच्या आईला शेजारी बसवा आणि पेन मुलीच्या हातात द्या. मोठ्या बहिणीचं काय चालेल, नवं काय घ्यावं लागेल, कशावाचून निभेल हे तिला लिहू द्या. आमच्याकडच्या मुलीनं स्वतःहून दप्तर खोडलं आणि तिथे टॉर्च लिहिला, कारण घरी वीज नव्हती. मला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

गणवेशाचं कापड घेऊन शिंप्याकडे टाका आणि शिवणीत माया सोडायला सांगा, मुली भराभर उंच होतात. वर्गणी शाळेच्या खात्यात भरा, पावती आईकडे ठेवा. पॅड यादीत नसतात, ते वेगळे खर्चात धरा. धुऊन वापरायचे कापडी पॅड तोच शिंपी शिवून देतो. पण पाळीच्या दिवसांत शाळेत पाणी आणि कडी लागणारं दार आहे का, हे आधी विचारा. मुख्याध्यापकांना भेटायला गेलात तर "शिकामू" म्हणून नमस्कार करा, घरच्यांची, तब्येतीची विचारपूस होऊ द्या, मग कामाचं बोला. थेट मुद्द्यावर येणारा माणूस इथे उद्धट ठरतो.

आता ज्यावर मुली खरोखर गळतात ते. रस्ता. दलादलात, म्हणजे इथल्या मिनीबसमध्ये, विद्यार्थ्यांचं तिकीट कमी असतं, म्हणून कंडक्टर गणवेशातल्या पोरांना दारातच अडवतो आणि पूर्ण भाडं देणारे आधी आत घेतो. संध्याकाळी थांब्यावर मुली दोन-दोन गाड्या सोडत उभ्या राहतात. तेवढ्यात एखादा बोडाबोडावाला, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाला, फुकट सोडतो म्हणतो. आज फुकट, उद्या फुकट, परवा चिप्स. पुढचं सांगायला नको. म्हणून पैसे थोडेच असतील तर पुस्तकांआधी प्रवासाची सोय बघा: वसतिगृहात जागा, नाहीतर सायकल, तेही नाही तर त्याच वाटेच्या चार मुलींची सोबत लावून द्या. शाळेजवळ खोली भाड्यानं घेऊन मुलींना एकट्या ठेवायची पद्धत आहे, ती मला पसंत नाही. स्वस्त पडते एवढंच.

घरात लग्नाची कुजबुज सुरू झाली तर तुम्ही भांडायला जाऊ नका. कायदा काय आहे ते मात्र मुलीला आणि आईला माहीत असू द्या. १९७१ च्या विवाह कायद्यानं आईबापांच्या संमतीनं पंधराव्या वर्षी मुलीचं लग्न लावता येत होतं. रेबेका ग्युमी या तरुण वकील बाईंनी त्याला आव्हान दिलं, २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं ती कलमं घटनाबाह्य ठरवली आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयानं तो निकाल कायम केला. शाळकरी मुलीशी लग्न करणाऱ्याला किंवा तिला गरोदर करणाऱ्याला तीस वर्षांची कैद आहे. आणि दिवस गेलेच, तरी शिक्षण संपलं असं नाही. पूर्वी अशा मुलींना काढून टाकत. नोव्हेंबर २०२१ पासून बाळंतपणानंतर त्यांना परत सरकारी शाळेत बसता येतं. हे अजून कित्येक घरांत पोचलेलं नाही.

अभ्यासात मोठी अडचण इंग्रजीची. सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत आणि फॉर्म वनला एकदम सगळे विषय इंग्रजीत. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली पोरं अकरावी सायन्सला जशी बावरतात, तशीच ही. उपाय साधा आहे. एका वहीच्या डाव्या पानावर धडा स्वाहिलीत तिच्या शब्दांत, उजव्या पानावर इंग्रजीत. आधी डावं पान, कारण समजलंय की नुसतं पाठ केलंय ते तिथेच कळतं. फॉर्म टूच्या शेवटी राष्ट्रीय परीक्षा असते, तोवर ही वही सोडू देऊ नका.

फॉर्म फोरची परीक्षा नोव्हेंबरात होते आणि फॉर्म फाइव्ह सुरू होतं जुलैत. हे मधले महिने रिकामे घालवू नयेत. मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या कॅमफेडसारख्या संस्था शिकून बाहेर पडलेल्या मुलींनाच गावच्या शाळांत धाकट्यांना आधार द्यायला तयार करतात. जवळ असं काम चालत असेल तर चौकशी करा. नसेल तर आईच्या बचतगटात, म्हणजे व्हिकोबात, हिशेब लिहायला बसवा. आमच्या इथे रविवारी आंब्याखाली गट बसतो. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन बायकांकडे, पेटी चौथीकडे. एकदा एक आजी म्हणाल्या, "मी मागच्या वेळी दोन हिस्से भरले, पुस्तकात शिक्का एकच!" हिशेब लिहिणारी मुलगी वाद घालत बसली नाही. तिनं मागचं पान मोठ्यानं वाचलं, पेटीतली रक्कम सगळ्यांसमोर पुन्हा मोजायला लावली आणि आजींच्या शेजारी कोण बसलं होतं ते विचारलं. गावपुढारीपण याहून वेगळं काय असतं? बीबी टिटी मोहम्मद यांनी १९५५ नंतर दार-एस-सलामच्या बायका स्वातंत्र्याच्या चळवळीत आणल्या, त्याही बायकांच्या नाचगाण्याच्या गटांमधूनच.

मुलगी अठरा वर्षांची झाली की ती आपोआप ग्रामसभेची सदस्य होते. ग्रामपरिषदेत एक चतुर्थांश जागा बायकांच्या असतात, हे तिला सांगा. जिल्हा परिषदांनी स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के बिनव्याजी कर्जासाठी ठेवायचे असतात: चार टक्के बायकांच्या गटांना, चार टक्के तरुणांच्या, दोन टक्के अपंगांच्या. अर्ज गटाचा लागतो आणि नीट हिशेब ठेवणारा गट त्यात पुढे राहतो. अर्ज तिला लिहू द्या, तुम्ही फक्त बेरीज तपासा. ग्रामसभेला मात्र तिच्यासोबत जाऊ नका. परदेशी पाहुणा समोर बसला की अध्यक्ष त्याच्याकडेच बघून बोलतात आणि मुलीचा प्रश्न राहून जातो.