पोराला पाल पाळायचीय? लेपर्ड गेको घरी आणायच्या आधी वाचा

अमेरिकेत पोरं शाळेत जायला लागली की हा विषय कधी ना कधी निघतोच. वर्गात कुणाकडे तरी बिअर्डेड ड्रॅगन (एक मोठा सरडा) असतो नाहीतर साप असतो आणि मग आपल्याकडे मला पण पाहिजे सुरू होतं, कुत्रा नको कारण अपार्टमेंट, मांजर नको कारण ॲलर्जी, शेवटी आईबाप वैतागून म्हणतात बरं बाबा सरडा तर सरडा. तुमची गाडी इथपर्यंत आली असेल तर दुकानात जायच्या आधी थोडं थांबा, कारण घाई केली की इथेच पैसे वाया जातात आणि जनावराचे हाल होतात ते वेगळेच.

माझं सरळ मत आधीच सांगतो: पहिल्यांदाच घेताय तर लेपर्ड गेको घ्या, आणि त्याचा टँक, म्हणजे दिवे-हीटर लावलेली काचेची पेटी, तो यायच्या निदान आठवडाभर आधी घरात चालू पाहिजे. टँक आणि गेको एकाच दिवशी आणायचा नाही. पोरगं कितीही रडू दे.

आता बाकीचे का नाही ते पटापट. कासव सगळ्यांना गोंडस वाटतं, ते हिरवं छोटंसं रेड इअर्ड स्लायडर, पण त्याची मादी वाढून जेवणाच्या ताटाएवढी होते, तीसेक वर्षं सहज जगते, तिला शंभर गॅलनच्या वर पाणी आणि दणकट फिल्टर लागतो आणि ते पाणी बदलत तुम्हीच बसणार. इथे चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवं पेट म्हणून विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण पोरं ती तोंडात घालायची आणि साल्मोनेला व्हायचा, तरी बीचवरच्या दुकानांत सर्रास मिळतात, तिथून तर अजिबात घेऊ नका. इग्वाना पाच-सहा फुटांचा होतो, विषय संपला. बिअर्डेड ड्रॅगन खरंच छान असतो, दिवसा जागा असतो, माणसाळतो, पण त्याला चार फुटी टँक, कडक यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा) आणि किड्यांबरोबर रोजची भाजी चिरून लागते. कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन सांभाळायला खरं तर सगळ्यात सोपे, आठवड्या-पंधरवड्यातून एकदा जेवतात, पण फ्रीजरमध्ये फ्रोझन पराठ्यांच्या शेजारी गोठवलेले उंदीर ठेवायची तयारी आहे का ते घरात विचारून घ्या.

आणि एक प्रश्न आपल्याकडे हमखास येतो की घरात जिवंत किडे आणायचेच नाहीत, आम्ही शाकाहारी. मग लेपर्ड गेको विसरा, कारण तो फक्त किडे खातो, फळं-भाजी त्याला पचत नाही. तुमच्यासाठी क्रेस्टेड गेको. हा पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटाचा, नामशेष झाला असं समजत होते आणि १९९४ मध्ये परत सापडला, आता सगळीकडे ब्रीड होतो. त्याच्यासाठी तयार पावडर मिळते, पाण्यात कालवून वाटीत ठेवायची, झालं जेवण. पण त्याला ८२ फॅरनहाइटच्या वर गरमी सहन होत नाही, टेक्सास-ॲरिझोनात असाल तर उन्हाळ्यात एसी बंद करून फिरायला जाता येणार नाही, शिवाय तो टुणटुण उड्या मारतो आणि शेपटी एकदा तुटली की परत येत नाही. लहान पोरांच्या हातात म्हणून मला लेपर्डच बरा वाटतो.

लेपर्ड गेको म्हणजे अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या खडकाळ भागातला प्राणी. आपल्या घरच्या पालीसारखा भिंतीवर चढत नाही, पायाला चिकटणाऱ्या गाद्याच नसतात, आणि बाकी बहुतेक गेकोंना नसतात त्या पापण्या याला असतात, त्यामुळे तो चक्क डोळे मिटून झोपतो. आठ-नऊ इंच लांब, वजन साधारण ५० ते ८० ग्रॅम. आयुष्य मात्र पंधरा ते वीस वर्षं! म्हणजे आठ वर्षांच्या पोराला घेऊन दिलात तर पोरगं कॉलेजला जाईल आणि गेको तुमच्याकडे राहील, हे नवरा-बायकोने बसून आधी बोलून घ्या. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर थोडी वर्षं थांबा, सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था पण तेच सांगते. आणि लीजमध्ये रेप्टाइल चालतात का ते बघा, राज्याचे नियम बघा, हवाईत तर साप पाळणं हाच गुन्हा आहे.

आता सेटअप. दुकानात लेपर्ड गेको किट म्हणून दहा गॅलनचा डबा मिळतो, त्यात लाल बल्ब, हिरवी वाळू आणि काटा चिकटवलेला थर्मामीटर असतो, यातलं एकही कामाचं नाही. टँक घ्यायचा ३६ बाय १८ इंचाचा, ज्याला चाळीस गॅलन ब्रीडर म्हणतात, मोठ्या दुकानांत टँकवर अधूनमधून सेल लागतो तेव्हा घ्या किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर जुना बघा, गळका असला तरी चालतो, पाणी थोडंच भरायचंय. समोरून दार उघडणारा मिळाला तर उत्तम, कारण वरून हात आला की गेकोला घार आल्यासारखं वाटतं.

सगळा खेळ उष्णतेचा आहे. याचं शरीर स्वतः गरम होत नाही, पोटाला ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही. म्हणून टँकची एक बाजू गरम, दुसरी थंड, आणि तो स्वतः ठरवतो कुठे बसायचं. गरम बाजूला वर हॅलोजनचा फ्लड बल्ब, त्याच्या बरोबर खाली स्लेटची नाहीतर साधी फरशीची लादी. त्या लादीचं तापमान ९२ ते ९५ फॅरनहाइट हवं, थंड बाजू ७० ते ७७. हे हवेत मोजायचं नाही. इन्फ्रारेड गन घ्या, वीस डॉलरच्या आसपास मिळते, आणि लादीवर नेम धरून मोजा, मग कळतं की काचेला चिकटवलेला काटा ८० दाखवतोय आणि लादी ११० ला तापलीये. तेवढ्यात पोट भाजतं. म्हणून थर्मोस्टॅटशिवाय कुठलाही हीटर लावायचा नाही, हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. त्यातही हॅलोजनला डिमिंगवाला थर्मोस्टॅट लागतो, साधा चालू-बंद करणारा लावला तर बल्ब दिवसभर डिस्कोसारखा लपझप करत राहतो. खालून लावायची हीट मॅट असेल तर साधा चालतो. हीट रॉक नावाचा तापणारा दगड मिळतो तो घेऊ नका. लाल-निळे रात्रीचे बल्ब पण नकोत, त्याला तो उजेड दिसतो. रात्री सगळं बंद, घर ६५ च्या खाली जात नसेल तर काहीच लागत नाही, उलट रात्रीचा गारवा त्याला नैसर्गिकच आहे. दिवे टायमरवर टाका, बारा तास चालू बारा तास बंद.

यूव्हीबी लागतो का यावर लोक तासन्‌तास भांडतात. त्याच्याशिवाय गेको जगतात हे खरं, पण कमी ताकदीची टी-५ ट्यूब लावली तर फायदाच आहे असं माझं मत, फक्त अल्बिनो जातीचा असेल तर उजेड त्याच्या डोळ्यांना सोसत नाही, जपून.

लपायला तीन जागा. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि तिसरी ओली. ओली म्हणजे झाकण असलेला प्लास्टिकचा डबा घ्या, बाजूला त्याच्या जाडीचं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा, आत ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) भरा. कात टाकायच्या वेळी तो यातच जाऊन बसतो. आधी अंगाचा रंग उडून पांढुरका होतो, मग तोंडाने कातडी मोज्यासारखी ओढून काढतो आणि खाऊनही टाकतो, पोरांना हे बघायला प्रचंड आवडतं. पण झालं की बोटं तपासा, एकेक. बोटाच्या टोकाला कातीचं कडं राहिलं तर रक्त अडतं आणि बोट गळून पडतं. राहिलंच तर कोमट पाण्याच्या उथळ डब्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून ओल्या इअरबडने हलके सोडवा, कोरडं ओढायचं नाही.

खाली सुरुवातीला साधे पेपर टॉवेल. दिसायला भिकार दिसतं पण शी कशी आहे, खाल्लेलं पचतंय का, सगळं कळतं. दोनेक महिन्यांनी सगळं ठीक असेल तर माती आणि प्ले सँडचं मिश्रण टाका, माती जास्त वाळू कमी. कॅल्शियम सँड म्हणून रंगीत वाळू विकतात ती कधीच नाही, पोटात जाऊन गोळा होतो.

खाणं. क्रिकेट म्हणजे रातकिडे, डुबिया म्हणजे एक प्रकारची झुरळं, आणि मीलवर्म म्हणजे अळ्या. क्रिकेट रात्रभर किर्र करतात, वास मारतात आणि डब्यातून एक तरी निसटतोच. डुबिया शांत, वास नाही, काचेवर चढत नाहीत, सगळ्या दृष्टीने बरे, पण फ्लोरिडात त्यांना बंदी आहे, आणि भारतातून आई किंवा सासूबाई आल्या असताना तुम्ही विकत झुरळं आणलीत हे त्यांना कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा (पाल अंगावर पडली तर काय फळ ते पंचांगात दिलेलंच असतं, ते पण त्या वाचून दाखवतील). किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, पालेभाजी खाऊ घालायची, कारण त्यांच्या पोटात जे असतं तेच गेकोला मिळतं. मग पिशवीत कॅल्शियम पावडर घेऊन किडे त्यात हलवायचे. यूव्हीबी असेल तर व्हिटॅमिन डी-३ नसलेली, नसेल तर डी-३ वाली, आणि अधूनमधून मल्टिव्हिटॅमिन. यात कंटाळा केला तर हाडं मऊ पडतात, पाय वाकडे होतात, आणि ते मागे फिरत नाही. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी एकदा. उरलेले क्रिकेट रात्री टँकमध्ये सोडू नका, ते झोपलेल्या गेकोला चावतात. वॅक्सवर्म नावाच्या अळ्या म्हणजे त्याचं आईस्क्रीम, नेहमी दिलं तर बाकी काही खायचा नाही.

आता जनावर निवडायचं. रेप्टाइल एक्स्पो किंवा थेट ब्रीडर बरा, घरी ब्रीड केलेलाच घ्या, आणि लोकांना नको झालेले मोठे गेको दत्तक मिळतात त्यांचाही विचार करा, शांत असतात. शेपटी जाडजूड पाहिजे, चरबी तिथेच साठते, काडीसारखी शेपटी दिसली की मागे फिरा, जंत किंवा क्रिप्टो नावाचा आजार असू शकतो, त्याला धड उपाय नाही. डोळे उघडे आणि स्वच्छ, सगळी बोटं जागेवर, मागची जागा कोरडी, चालताना पोट जमिनीपासून उचललेलं. विक्रेत्याला सांगा माझ्यासमोर खायला घाल. रंगांच्या जाती शेकडो आहेत, दोन टाळा: एनिग्मा, त्याला मेंदूचा त्रास असतो, डोकं वाकडं करून गोल गोल फिरतो, आणि लेमन फ्रॉस्ट, त्या सुंदर पिवळ्या रंगाच्या जनुकामुळेच त्वचेत ट्यूमर होतात, २०२१ मध्ये त्यावर संशोधनही छापून आलं. एकटा करमणार नाही म्हणून दोन घेऊ नका. त्याला एकटंच आवडतं, दोन नर ठेवले तर रक्त निघेपर्यंत मारामारी.

घरी आणल्यावर पहिले एक-दोन आठवडे फक्त पाणी, खाणं आणि साफसफाई, हात लावायचा नाही. एक-दोन दिवस खाणार नाही, घाबरू नका. नंतर टँकमध्ये तळहात सपाट ठेवून बसायचं, तो स्वतः चढतो. शेपटी धरायची नाही, तुटते. परत येते पण मुळ्यासारखी येते. हाताळल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचं, आणि पाण्याची वाटी किचनच्या सिंकमध्ये धुवायची नाही. एक छोटा डिजिटल काटा घेऊन महिन्याला वजन लिहून ठेवा, थंडीत मोठे नर कधी कधी आठवडेच्या आठवडे खात नाहीत, वजन टिकून असेल तर चिंता नाही, घसरत असेल तर डॉक्टर. कुत्र्या-मांजराचा डॉक्टर बहुतेक वेळा हे बघत नाही, एआरएव्ही या रेप्टाइल डॉक्टरांच्या संस्थेच्या वेबसाइटवर जवळचा रेप्टाइलवाला व्हेट शोधून ठेवा, आणि पहिल्या महिन्यातच शीचा नमुना तपासून घ्या.

हे वाचून पुण्या-मुंबईतल्या भाचेकंपनीला हुरूप येईल, त्यांना सांगा की तिकडचा हिशेब वेगळा आहे. स्टार कासव, घोरपड, देशी साप हे वन्यजीव कायद्याखाली येतात, घरात ठेवलं तर सरळ गुन्हा, ‘लकी असतं’ म्हणून कुणी दिलं तरी. परदेशी प्राणी सुद्धा साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला असेल, म्हणजे इग्वाना, बॉल पायथन वगैरे, तर २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आणि लेपर्ड गेकोचे सख्खे भाऊबंद आपल्याकडे रानात आहेत, त्यातला सातपुड्यातला तर २०१४ मध्ये नवीन जात म्हणून नोंदला गेला, तो दिसला तर फोटो काढा आणि पुढे चला.

राहिली डिसेंबरची इंडिया ट्रिप. चार आठवडे गेकोला एकटं सोडता येत नाही पण रोज कुणी यायची पण गरज नाही, मोठा असेल तर शेजाऱ्याने आठवड्यातून दोन-तीनदा येऊन पाणी बदललं, पाच-सहा किडे टाकले आणि लादीचं तापमान बघितलं की झालं. दिवे टायमरवर आहेतच. किड्यांच्या एकेका वेळच्या पुड्या आधीच बांधून ठेवा नाहीतर लोक प्रेमाने जास्त घालतात, कॅल्शियमची बाटली बाहेर ठेवा, व्हेटचा नंबर टँकवर चिकटवा आणि आमच्या कार्डवर खर्च करा असं व्हेटकडे आधीच सांगून ठेवा. मीलवर्म फ्रिजमध्ये चांगले टिकतात, फक्त श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवू नका.