जीएम, पेस्टिसाइड वगैरेबद्दल स्वतःचं मत कसं बनवायचं

जीएम (म्हणजे लॅबमध्ये जीन बदललेली पिकं), जीन एडिटिंग, पेस्टिसाइड, लॅबमधलं मांस, यातलं काहीही निघालं की लगेच दोन पार्ट्या पडतात, एकीच्या मते सगळं विष आणि दुसरीच्या मते विरोध करणारे सगळे अडाणी, आणि ज्याला खरंच समजून घ्यायचंय त्याची पंचाईत होते. मला वाटतं गडबड प्रश्नातच असते. "जीएम चांगलं की वाईट" याला उत्तर नाहीये, त्यामुळे तो प्रश्न आधी सोडून द्या.

पहिलं काम म्हणजे पिकाचं नाव विचारा आणि त्यात नेमकं काय बदललं ते विचारा. हवाईमध्ये रिंगस्पॉट व्हायरसने पपईच्या बागा संपत चालल्या होत्या, तेव्हा विद्यापीठांतल्या संशोधकांनी त्याच व्हायरसचा एक जीन पपईत घातला, झाडं रोगाला दाद देईनाशी झाली आणि १९९८ मध्ये शेतकऱ्यांना बी सुरुवातीला फुकट वाटलं. हेही जीएम आणि तणनाशक मारलं तरी न मरणारं सोयाबीन हेही जीएम, पण दोघांचा हेतू वेगळा, फायदा होणारे वेगळे, धोकेही वेगळे. बीटी पिकं (अळीला मारणारं प्रोटीन स्वतःच बनवणारी, बीटी कापसासारखी) अजून तिसरंच. त्यातलं प्रोटीन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात जाऊन तिथल्या ठराविक रिसेप्टरला (पेशीवरच्या चिकटायच्या जागेला) चिकटतं आणि अळी मरते, माणसाच्या आतड्यात ते रिसेप्टर नाहीत, आणि गंमत म्हणजे ज्या बॅक्टेरियातून तो जीन घेतला त्याचाच स्प्रे ऑरगॅनिक शेतीत चालतो. रेडिएशन किंवा केमिकल देऊन म्युटेशन (जीनमध्ये बदल) घडवलेल्या पिकांच्या तर ३००० च्या वर जाती नोंदवल्या गेल्यात, त्यावर सहसा कुणी बोलतही नाही. म्हणून लेबल बघून मत बनवू नका.

मग प्रश्न सुटे करा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि इथेच बहुतेक वाद अडकतात, कारण खाल्ल्यावर काय होतं, शेतात काय होतं आणि पैसा-बियाणं कुणाच्या हातात जातं हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या वैज्ञानिक संस्थेचा २०१६ चा मोठा रिपोर्ट आहे, त्यात म्हटलंय की बाजारातलं जीएम अन्न नेहमीच्या अन्नापेक्षा जास्त धोकादायक असल्याचा ठोस पुरावा नाही, आणि त्याच रिपोर्टमध्ये हेही म्हटलंय की तणनाशकाला न जुमानणारं तण ही शेतीतली मोठी समस्या होऊन बसलीये. दोन्ही खरं आहे! बियाण्याच्या पेटंटवर तुमचा आक्षेप असेल तर तो तसाच मांडा, तो पूर्णपणे रास्त मुद्दा आहे, त्यासाठी कॅन्सरची भीती घालायची काही गरज नाही.

कॅन्सरवरून आठवलं, "डब्ल्यूएचओने कॅन्सरकारक म्हटलंय" असं कुणी सांगितलं की लगेच घाबरू नका. डब्ल्यूएचओच्या आयएआरसी या कॅन्सर-संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक २ए म्हणजे "बहुधा कॅन्सरकारक" गटात टाकलं, त्याच गटात रेड मीट आहे, नाइट शिफ्ट आहे आणि ६५ डिग्रीच्या वर गरम पेयंही आहेत. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, किती मात्रेने किती धोका ते नाही. मात्रा वेगळी ठरवावी लागते, प्राण्यांवर ज्या डोसला काहीच वाईट परिणाम दिसत नाही तो सहसा १०० ने भागून माणसाची रोजची मर्यादा काढतात. त्यामुळे "अवशेष सापडले" एवढंच लिहिलं असेल तर पुढचा प्रश्न एकच, किती सापडले आणि मर्यादा किती. फवारणी करणाऱ्या मजुराचं मात्र वेगळं बघा, त्याच्या अंगावर, श्वासात जाणारी मात्रा खाणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकते आणि या चर्चेत त्याचं नाव फार कमी वेळा निघतं याचं मला वाईट वाटतं.

कुणी फोटो दाखवून अभ्यास पुढे केला तर प्राणी किती होते आणि कुठल्या जातीचे ते बघा. जीएम मका खाऊ घातलेल्या उंदरांचे २०१२ चे ट्यूमरवाले फोटो अजूनही फिरतात, त्यात एका गटात एका लिंगाचे १० च उंदीर होते आणि ती जात अशी की म्हातारपणी तिला ट्यूमर एरवीही खूप होतात. तो पेपर २०१३ मध्ये जर्नलने मागे घेतला, पुढच्या वर्षी दुसऱ्या जर्नलने छापला. पॅकेटवरच्या "अमुक-फ्री" लाही असंच तपासा, कारण अमेरिकेत कोंबड्यांना हार्मोन द्यायला मुळात बंदीच आहे, तरी "हार्मोन घातलेलं नाही" असं छापतात.

शेवटी घाबरलेल्या माणसाशी बोलायचं कसं? त्याच्या अंगावर आकडे फेकू नका. ब्रिटनमध्ये १९९० साली मॅड काऊ या गायींच्या मेंदूच्या रोगाची भीती असताना एका मंत्र्याने कॅमेऱ्यासमोर आपल्या मुलीला बीफबर्गर भरवायचा प्रयत्न केला, आणि १९९६ मध्ये सरकारलाच सांगावं लागलं की माणसांमधल्या जीवघेण्या आजाराचा त्या रोगाशी संबंध असावा. त्याच वर्षी जीएम सोयाबीन युरोपात उतरलं. तेव्हा "सरकार सांगतंय सुरक्षित आहे" यावर लोकांनी का विश्वास ठेवावा? म्हणून आधी विचारा की भीती नेमकी कशाची आहे, खाण्याची, कंपनीची की सांगणाऱ्याची, आणि तेवढ्यावरच बोला.