आधी भुसा बघा, मग मशीन: बांधावरच्या बाभळीसाठी चेनसॉ

चेनसॉ कापेना की लगेच कार्बोरेटरच्या स्क्रूला हात घालणारे पुष्कळ. त्याआधी खाली पडलेला भुसा मुठीत घ्या. चपट्या, जाडसर ढलप्या पडत असतील तर चेन ठीक आहे. पिठासारखी पूड पडत असेल आणि मशीन लाकडावर दाबावं लागत असेल, तर दात गेलेत. इंजिनाचा त्यात दोष नाही. खानदेशात ते लवकर जातात. बाभळीच्या सालीच्या भेगांत काळ्या मातीची धूळ ठासून बसलेली असते, आणि वाळलेली बाभूळ दाताला दयामाया दाखवत नाही. म्हणून जिथे काप घ्यायचा तिथली साल आधी कुऱ्हाडीने तासून काढा. दोन मिनिटांचं काम आहे, कानस मारायची अर्धी मेहनत वाचते. बांधावरच्या झाडात जुनी तार किंवा खिळा रुतलेला आहे का, तेही तेव्हाच दिसतं.

मशीन घेताना लोक सीसी विचारतात. आधी पट्टी विचारा, म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती लोखंडी पट्टी किती इंची आहे ते. बाजारात 58 सीसीच्या मशीनला 22 इंची पट्टी लावून देतात. दिसायला रुबाबदार, पण वाळल्या बाभळीत पूर्ण पट्टी रुतली की इंजिन धापा टाकतं. त्याच मशीनला 18 इंची पट्टी बसवली तर चेन वेगात फिरते, ऑइल टोकापर्यंत पोचतं आणि कानस मारायला दातही कमी. जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापता येतो. नुसत्या फांद्या, सुबाभूळ आणि शेवग्यासाठी 35 ते 40 सीसी आणि 14-16 इंची पट्टी भरपूर झाली. चेन ब्रेक (झटका बसताच चेन थांबवणारा दांडा) नसलेलं मशीन स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. क्लच ड्रम आणि कार्बोरेटर किट जळगाव-धुळ्यात मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा.

दुकानात नुसती ‘18 इंची चेन द्या’ म्हटलं तर चुकीची चेन हाती येते. तीन गोष्टी सांगाव्या लागतात: पिच, गेज आणि पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची संख्या. पिच मोजायला लागोपाठ तीन रिव्हेटांमधलं अंतर घ्या आणि निम्मं करा. निम्मं करण्याआधीचं अंतर 16.5 मिमी आलं तर पिच 0.325 इंच, साधारण 19 मिमी आलं तर 3/8 इंच. गेज म्हणजे त्या कड्यांची जाडी, 1.3, 1.5 किंवा 1.6 मिमी. जाड खाचेत बारीक चेन घातली तर ती डुलते आणि काप वाकडा जातो. कड्या जुन्या चेनवर मोजा आणि आकडा पट्टीवरच खरडून ठेवा. दाताचा कोपरा टोकदार असलेली चेन हिरव्या, स्वच्छ लाकडात झपाझप चालते, पण धुळीत लगेच बोथट होते. आपल्याकडे गोल कोपऱ्याचीच घ्या.

कानस पिचप्रमाणे: 0.325 ला 4.8 मिमी, मोठ्या 3/8 ला 5.2 किंवा 5.5, छोट्या मशीनच्या लो-प्रोफाइल 3/8 ला 4.0. पट्टी शिकंज्यात धरा, चेन ब्रेक लावा. सर्वात झिजलेला दात शोधा, त्यावर खूण करा, बाकीचे सगळे त्याच्याच लांबीवर आणा. आतून बाहेर, एकाच दिशेने, 30 अंशांत तीन-चार फटके. परत आणताना कानस उचला. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर दिसायला हवा. ती खाली दाबली गेली तर धार चोचीसारखी होते, दोन काप छान जातात आणि तिसऱ्याला बोथट. पेट्रोलची प्रत्येक टाकी संपली की हे करा. चार-पाच वेळा कानस मारली की दातापुढचा उंचवटा (दात लाकडात किती खोल जाईल ते हाच ठरवतो) त्याच्या मापाने तपासा. तो दाताच्या टोकापेक्षा 0.65 मिमी खाली हवा. कमी खाली असेल तर धार असूनही पूड पडते. ‘जास्त कापेल’ म्हणून सपाट कानशीने फार उतरवला, तर चेन लाकडाला पकडते, मशीन हिसके देतं आणि टोकाचा वरचा भाग कशाला लागला तर पट्टी उसळून तोंडाकडे येते.

ताण थंड चेनवर बघा: पट्टीचं टोक वर उचलून धरा, चेन खालून पट्टीला चिकटेल इतकीच आवळा, हाताने सहज फिरली पाहिजे. काम संपल्यावर गरम चेन सैल करून ठेवा. गार होताना ती आखडते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ताण येतो.

चेनऑइल आणि पेट्रोल एकाच वेळी भरायचं, आणि साधारण एकाच वेळी संपायचं. पेट्रोल संपून ऑइल अर्धं शिल्लक असेल तर पट्टीचं ऑइलचं भोक चोंदलंय. मशीन चालू ठेवून टोक कोरड्या खोडासमोर वीतभर लांब धरा, रेस द्या. ऑइलची ओळ उमटली पाहिजे. मे महिन्यातल्या उन्हात पातळ ऑइल उडून जातं, जाडसर वापरा. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल नको, त्यात धातूची कीस असते. पट्टीची खाच रोज पातळ पात्याने खरवडा, चेन काढाल तेव्हा पट्टी उलटी करून लावा. दोन-तीन चेनींमागे स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) बदला. झिजलेलं स्प्रॉकेट नवी चेन खातं.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मशीनच्या पुस्तकात असेल तेवढं: 50:1 ला लिटरमागे 20 मिली, 25:1 ला 40. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिन्याभरापेक्षा जुनं मिश्रण भरू नका. उरलेलं काढा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. रबरी पाइप कडक होऊन चिरतो, तोही याच इथेनॉलमुळे. त्या चिरेतून हवा ओढली गेली की रेस आपोआप वरखाली होते आणि लोक प्लग बदलत बसतात.

आता मॉडिफिकेशन. सायलेन्सरला जादा भोक पाडून आवाज वाढतो, ताकदही थोडी वाढते. पण मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. कार्बोरेटरचा H स्क्रू (पूर्ण रेसमधलं पेट्रोल ठरवणारा) उघडून पेट्रोल वाढवलं नाही तर पिस्टनला चरे पडतात. टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारं यंत्र) नसेल तर या वाटेला जाऊ नका. सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली असेल तर ती वायर-ब्रशने साफ करा, तेवढ्यानेच निम्मे ‘अशक्त’ मशीन उठतात. खरी उपयोगी सुधारणा म्हणजे आखूड पट्टी आणि एअर फिल्टरवर फोमचा जादा थर. धुळीच्या दिवसात फिल्टर दिवसातून दोनदा साफ करा, पण हवेचा जोराचा झोत आतून बाहेर मारा, बाहेरून मारलात तर धूळ आत ढकलली जाते.

साग, अंजन, मोह, चिंच, आंबा ही झाडं 1964 च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. शेत स्वतःचं असलं तरी परवानगी आधी घ्या, चेनला धार नंतर.