स्टोरेज ड्रायव्हरमध्ये सेन्स डेटा कसा वाचावा: फिक्स्ड की डिस्क्रिप्टर, हे आधी ओळखा

स्कझी (डिस्क, टेप अशा उपकरणांना कमांड देण्याची ठरलेली पद्धत) वापरून बोलणारे उपकरण एखादी कमांड पुरी करू शकले नाही, तर 'चेक कंडिशन' हे स्टेटस देते आणि सोबत काही बाइट पाठवते. हाच सेन्स डेटा. नेमके काय बिघडले, कुठे बिघडले, पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे का, हे त्यातून कळते. अडचण अशी, की हे बाइट दोन वेगवेगळ्या मांडण्यांत येतात आणि जुने ड्रायव्हर बहुधा एकच मांडणी गृहीत धरतात. (खालच्या बाइटच्या किमती हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) आहेत, बाइटची मोजणी शून्यापासून.)

सुरुवात बाइट ० पासून करा. त्याचा सर्वांत वरचा बिट बाजूला ठेवून उरलेले सात बिट पाहा. ७० किंवा ७१ आले तर फिक्स्ड मांडणी, ७२ किंवा ७३ आले तर डिस्क्रिप्टर. यातले ७१ आणि ७३ म्हणजे 'डिफर्ड' त्रुटी: ती आत्ताच्या कमांडची नसून आधीच्या कुठल्या तरी कमांडची असते, उदाहरणार्थ कॅशमधून नंतर डिस्कवर जाणाऱ्या राइटची. आत्ताची कमांड अशा वेळी चाललेलीच नसते, म्हणून त्रुटीचे खापर तिच्यावर फोडू नका. तिला पुन्हा पाठवा आणि आधीचे राइट धोक्यात आहे याची वेगळी नोंद करा. या चारांपैकी काहीच नसेल, तर अंदाजाने वाचू नका.

फिक्स्डमध्ये सेन्स की (त्रुटीचा ढोबळ प्रकार) बाइट २ च्या खालच्या चार बिटांत असते, एएससी (त्रुटीचे नेमके कारण सांगणारा कोड) बाइट १२ मध्ये आणि एएससीक्यू (त्या कारणाचा आणखी तपशील) बाइट १३ मध्ये. डिस्क्रिप्टरमध्ये हीच तिन्ही अनुक्रमे बाइट १, २ आणि ३ मध्ये असतात. गल्लत झाली तर काय होते, ते या वीस बाइटांवर पाहा:

७२ ०३ ११ ०० ०० ०० ०० ०सी
०० ०ए ८० ०० ०० ०० ०० ०१ ०० ०० ०० ००

नीट वाचले तर सेन्स की ३, म्हणजे मीडियम एरर, आणि ११/०० म्हणजे वाचता न आलेला ब्लॉक. फिक्स्ड समजून वाचले तर बाइट २ मधल्या ११ चे खालचे चार बिट १ देतात, म्हणजे 'रिकव्हर्ड एरर' (त्रुटी आली, पण सावरली), आणि एएससी ००. ड्रायव्हर वाचन यशस्वी धरतो आणि चुकीचा डेटा वर जातो. कुठेही तक्रार उमटत नाही, म्हणून ही चूक इतकी घातक आहे.

डिस्क्रिप्टर मांडणीत पहिल्या आठ बाइटांनंतर छोटे तुकडे येतात. प्रत्येक तुकड्याचा पहिला बाइट प्रकार सांगतो, दुसरा पुढची लांबी. पुढच्या तुकड्यावर जाताना लांबीत हे दोन बाइट मिळवायला विसरू नका. अनोळखी प्रकार ओलांडून पुढे जा. क्रमाचा भरवसा धरू नका. प्रत्येक पावलाला तुकडा पूर्ण मावतो का हे तपासा, आणि त्यासाठी दोन मर्यादांतली लहान घ्या: बाइट ७ मधल्या किमतीत (पुढे किती बाइट आहेत ते ती सांगते) पहिले आठ मिळवून येणारी लांबी, किंवा प्रत्यक्ष हाती आलेले बाइट. फक्त बाइट ७ वर विसंबले, तर बफरमधला शिळा मजकूर त्रुटी म्हणून वाचला जातो. सेन्स डेटा जास्तीत जास्त २५२ बाइटांचा असतो (ही संख्या दशमान); बफर तेवढा ठेवा आणि प्रत्येक कमांडआधी शून्याने भरा.

प्रकार ०० म्हणजे इन्फर्मेशन. वरच्या उदाहरणात ८० हा त्याचा व्हॅलिड बिट (ही माहिती ग्राह्य आहे, हे सांगणारा), आणि शेवटचे आठ बाइट खराब ब्लॉकचा पत्ता देतात: ४,२९,४९,६७,२९६. फिक्स्डमध्ये याच कामाला बाइट ३ ते ६, अवघे चार, आणि व्हॅलिड बिट बाइट ० च्या माथ्यावर. म्हणजे ५१२ बाइटांच्या ब्लॉकला २ टेबिबाइटपलीकडचा पत्ता तिथे मावतच नाही. जुन्या प्रोग्रामसाठी रूपांतर करावे लागले, तर खालचे चार बाइट कापून देऊ नका. इथे ते कापले तर पत्ता शून्य निघतो, आणि दुरुस्ती करणारा प्रोग्राम डिस्कच्या पहिल्याच ब्लॉकवर लिहू शकतो. पत्ता मावत नसेल तर व्हॅलिड बिट शून्य ठेवा. तसेच, इन्फर्मेशन म्हणजे नेहमी पत्ताच असे नाही. टेपवर तिथे मागितलेल्या आणि मिळालेल्या लांबीतला फरकही असतो.

हे सगळे एकाच फंक्शनमध्ये करा आणि बाकी कोडला फक्त सेन्स की, एएससी, एएससीक्यू, डिफर्ड आहे का आणि पत्ता एवढेच द्या. थेट 'बाइट २' वाचणारी ओळ दुसरीकडे कुठेही उरू देऊ नका. मात्र पासथ्रूने (प्रोग्रामने थेट उपकरणासाठी दिलेल्या, ड्रायव्हरने न बदलता पुढे पाठवलेल्या मार्गाने) आलेल्या कमांडला मूळ बाइट जसेच्या तसे परत करा.

चाचणीला खराब डिस्क शोधत बसायला नको. लिनक्समधल्या स्कझी डिबग मॉड्यूलला 'डीसेन्स' पर्यायात १ दिले की ते डिस्क्रिप्टर मांडणीत उत्तर देते, आणि 'ऑप्ट्स' पर्यायात २ दिले की ४६६० क्रमांकाचा ब्लॉक वाचताना मीडियम एरर येते. हीच चाचणी 'डीसेन्स' ० ठेवून पुन्हा चालवा. दोन्ही वेळा वरच्या थराला अगदी तीच त्रुटी आणि तोच पत्ता मिळायला हवा.